आधी पडदा

मी फोटो काढत नाही. दुसऱ्यांनी काढलेले नीट करते आणि त्यांचे अल्बम लावते. सोलापूर, बार्शी, पंढरपूर, मंगळवेढा या पट्ट्यातले काही फोटोग्राफर लग्न उरकलं की हार्डडिस्क माझ्याकडे पाठवतात. कधी स्वतः आणून देतात, कधी सोलापूरला निघालेल्या एखाद्या पाहुण्याच्या पिशवीत घालतात. त्यातून फोटो निवडायचे, रंग सुधारायचे, बारा बाय छत्तीसची शीट लावायची आणि फाइली लॅबला धाडायच्या, एवढं माझं काम. अल्बमच्या पॅडवर नाव स्टुडिओचं असतं. मला त्याचं काही वाटत नाही. हळदीच्या फोटोत नवरीची मावशी पिवळीधमक न दिसता माणसासारखी दिसली की माझे पैसे वसूल.

सुरुवात एका कलर लॅबमध्ये झाली, 2002 च्या आगेमागे, फोटोशॉप 7 नवं होतं तेव्हा. टेबलभर जागा खाणारा काचेचा मॉनिटर, आणि शेजारच्या खोलीत प्रिंट काढणारे एक काका. त्यांना पडद्यावरचं काही दाखवायला गेलं की मान वर न करता म्हणायचे, ‘तिथं काय दिसतंय ते तुझ्यापाशी ठेव, कागदावर काय येतंय ते बोल.’ फोटो बघून ते सरळ निदान करायचे: यलो चढलाय, मॅजेंटा दोन पॉइंट काढ, डेन्सिटी कमी कर. लॅपटॉप घ्यायची वेळ आली तेव्हा मी जी काही अक्कल वापरली ती बरीचशी त्या खोलीतली आहे.

वेळ आणली मायक्रोसॉफ्टने. विंडोज 10 चा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला थांबणार हे आधीपासून जाहीर होतं. माझ्या जुन्या लॅपटॉपात इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर, आणि विंडोज 11 इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं. वर्षभर सुरक्षा अपडेट मिळत राहतील अशी मुदतवाढ देऊ केली होती, पण माझ्या मशिनला आठ-दहा स्टुडिओंच्या डिस्क लागतात. कुठल्या डिस्कमधून कुठला शॉर्टकट व्हायरस येईल याचा नेम नाही. अशा मशिनवर मुदतवाढीच्या भरवशावर अख्खा सीझन काढायचा म्हणजे जिवाला घोर. शिवाय आमच्या धंद्याचं कॅलेंडर ठरलेलं आहे. आषाढी झाली की चातुर्मास, लग्नं बंद, हातात वेळ असतो पण पैसा नसतो. तुळशीचं लग्न लागलं की पैसा येतो पण श्वास घ्यायला फुरसत नसते. जे काही घ्यायचं ते दिवाळीच्या आत घेऊन, त्यावर हात बसवून मोकळं व्हायला हवं होतं.

शेवटी दोन नावं उरली. एक ॲपलचा मॅकबुक एअर, एम4 चिपवाला, 16 जीबी मेमरी आणि 256 जीबी जागा, तेव्हाची छापील किंमत 99,900. दुसरा लेनोवोचा एलओक्यू, गेमिंगचा म्हणून विकला जाणारा, 16 जीबी रॅम, 512 जीबी जागा, आत एनव्हिडियाचं आरटीएक्स 4050 कार्ड, सेलमध्ये ऐंशी-पंच्याऐंशी हजारांच्या घरात. सप्टेंबरात जीएसटी कमी झाला तेव्हा नवरा म्हणाला, थोडं थांबलीस ते बरं केलंस. पण ते टीव्ही आणि एसीचं होतं, 28 वरून 18 वर आले ते. लॅपटॉप आधीपासून 18 वरच होता आणि तिथेच राहिला.

सल्ल्यांना तोटा नव्हता. भाचा एलओक्यूच्या बाजूने, कारण त्याला माझ्याकडे येऊन गेम खेळायचे. मुलगी एअरच्या बाजूने, कारण ती बारावी करून पुण्याला जाणार आणि तेव्हा आईचा लॅपटॉप ‘असाच पडून’ राहणार असं तिचं गणित. बार्शीचा एक फोटोग्राफर, वर्षानुवर्षांचा माझा माणूस, तोही त्याच दोन मॉडेलांच्या विचारात होता आणि रोज रात्री मला कुठल्यातरी तुलनेचा व्हिडिओ पाठवायचा. ते व्हिडिओ मी बघायचे. त्यात आकडे खूप असतात, पण हळद लागलेला गाल एकाही व्हिडिओत नसतो.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘मॅडम, कशासाठी पाहिजे?’ आणि आपण सगळे एकच उत्तर देतो: फोटो एडिटिंग आणि रोजचा वापर. त्यातल्या ‘रोजचा वापर’चा मी घरी बसून नीट विचार केला, आणि त्यात फारसं काही उरलेलं नाही असं दिसलं. लाइटबिल मोबाइलवरून जातं. बँक मोबाइलमध्ये. सिनेमा टीव्हीवर. बातम्या नवरा अंथरुणात पडल्या पडल्या वाचतो, तेही मोबाइलवरच. दहा वर्षांपूर्वी लॅपटॉप उघडून ज्या गोष्टी व्हायच्या त्या एकेक करून खिशात गेल्या. लॅपटॉपच्या वाट्याला राहिलं ते कीबोर्ड आणि प्रिंटर लागणारं काम. बचत गटाचा हिशेब मी एक्सेलमध्ये ठेवते. मुलीचे प्रोजेक्ट. आणि गल्लीतल्या पोरांचे फॉर्म. बँकेच्या परीक्षेचा फोटो 200 बाय 230 पिक्सेलचा आणि 20 ते 50 केबीच्या मधलाच हवा, सही 140 बाय 60 ची, 10 ते 20 केबीची. अर्धा केबी जास्त झाला तरी साइट फोटो घेत नाही, मग पोरगं घामाघूम होऊन माझ्या दारात उभं. हे काम मला आवडतं, त्याचे मी पैसे घेत नाही, पण त्याला लाखाचं मशिन लागत नाही. ज्या ‘रोजच्या वापरा’साठी लोक हलका, देखणा, दिवसभर बॅटरी टिकणारा लॅपटॉप घ्या म्हणतात, तो वापर माझ्या घरात राहिलाच नव्हता. तराजूच्या एका पारड्यात आपण जे वजन टाकतोय ते मुळात आहे का, हे आधी बघायला हवं. उगाच पुन्हा पुन्हा तोलत बसायचं कशाला?

मग राहिला फोटो. इथे मला थोडं सविस्तर सांगावं लागेल.

हळदीचा पिवळा हा या धंद्यातला सर्वांत वाईट रंग. डिजिटल फोटोत प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात. हळद लागलेल्या गालावर ऊन पडलं की निळ्याचा आकडा शून्यावर जाऊन टेकतो. टेकला की त्या भागातला बारकावा गेला. गालाची गोलाई, हनुवटीखालची सावली, सगळं एकाच पिवळ्या रंगात बुडतं. लाल शालूचं उलट. तिथे लालचा आकडा 255 ला जाऊन थांबतो आणि शालूच्या चुण्या सपाट होतात, रंगीत कागद चिकटवल्यासारख्या. अलीकडे मंगल कार्यालयात जांभळे एलईडी लाइट लावायची टूम निघाली आहे, त्यात भटजींचं सोवळं निळं दिसतं आणि नवरदेवाचा चेहरा वांग्यासारखा. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल असेल तर यातलं बरंच परत आणता येतं. पण कुठे थांबायचं हे डोळ्यांनी ठरवायचं असतं, आणि डोळ्यांपुढे जो पडदा आहे तोच खोटं बोलत असेल तर काय?

पडदे खोटं बोलतात, आणि स्वस्त पडदे जास्त बोलतात. लॅबला जेपेग द्यायची ती एसआरजीबीमध्ये. हे रंगांचं माप एचपी आणि मायक्रोसॉफ्टने 1996 मध्ये मांडलं आणि आजही लॅब, मोबाइल, वेबसाइट सगळीकडे तेच मूळ धरलं जातं. बाजारातल्या कित्येक लॅपटॉपांवर मात्र बारीक अक्षरात ‘45 टक्के एनटीएससी’ लिहिलेलं असतं. एनटीएससी या दुसऱ्या, जुन्या मापाने पूर्ण एसआरजीबी साधारण 72 टक्के भरतं, म्हणजे 45 वाला पडदा एसआरजीबीचा तिसरा हिस्सा तरी दाखवतच नाही. त्यावर कुंकू विटकरी दिसतं. काम करणारा माणूस सॅच्युरेशन वाढवतो, त्याला ते बरोबर वाटतं, आणि अल्बम छापून येतो तेव्हा नवरीच्या कपाळावर वाहतुकीचा सिग्नल. गंमत म्हणजे एकाच नावाच्या मॉडेलमध्ये बऱ्याच कंपन्या दोन-तीन प्रकारचे पडदे बसवतात. नाव तेच, डबा तोच, शेवटचे चार-पाच अक्षर-आकडे वेगळे. ते आकडे जुळवून बघितल्याशिवाय मी कुठल्याच लॅपटॉपाला ‘चांगला’ म्हणत नाही.

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर माझी स्वतःची एक शीट नेली होती. डाव्या टोकाला हळद, मग लाल शालूतली नवरी, मग काळ्या बंदगळ्यातला नवरदेव, आणि खाली काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हळूहळू उजळत जाणारी करड्या रंगाची पट्टी. दुकानातल्या पोराने लगेच ब्राइटनेस शेवटपर्यंत चढवला, ‘बघा मॅडम, काय कडक दिसतंय!’ मी निम्म्याहून खाली आणला. त्याचा चेहरा उतरला. पण लॅबचा कागद स्वतः उजेड टाकत नाही. पडदा ट्यूबलाइटसारखा पेटवून काम केलं की प्रिंट हमखास काळपट येते. निम्म्या उजेडातही एअरवर शालूच्या चुण्या मोजता येत होत्या. बंदगळ्याचं बटण आणि त्यामागचं काळं कापड वेगळं दिसत होतं. त्याचा 13.6 इंची पडदा एसआरजीबीपेक्षा मोठं, पी3 नावाचं माप दाखवतो, आणि डोळ्यांना खरोखर सुख होतं. एलओक्यूचा जो प्रकार त्या दुकानात होता त्यावर 100 टक्के एसआरजीबी लिहिलेलं होतं. तो एवढा झळाळत नव्हता, ठिपकेही मोठे, 15.6 इंचात 1920 बाय 1080 च. पण हळद हळदीसारखी होती. शिवाय त्याची काच चमकत नव्हती. एअरच्या काचेत मला दुकानातले सगळे दिवे दिसत होते, आणि मागे उभा राहून जांभया देणारा नवराही.

दुकानात फोटोशॉप चालवून बघता येत नाही. म्हणून ओळखीतून एक एअर आणि एक एलओक्यू दुपारपुरते मागून घेतले आणि दोन्हींवर एकच काम लावलं. करिझ्मा अल्बमची एक शीट म्हणजे बारा बाय छत्तीस इंच. लॅबला ती 300 डीपीआयने लागते. म्हणजे 3600 गुणिले 10,800, जवळपास 3 कोटी 90 लाख ठिपके. एकेका ठिपक्याचे तीन आकडे धरले तर एकच लेयर मेमरीत सव्वाशे एमबीच्या आसपास जागा घेतो. एका शीटवर दहा-बारा फोटो, त्यांचे मास्क, सावल्या, मागची नक्षी, वर ‘शुभविवाह’. सोळा जीबी बघता बघता भरते आणि मग प्रोग्रॅम डिस्कवर लिहायला लागतो. या कामात दोन मशिनांत मला सांगण्यासारखा फरक दिसला नाही. दिसला तो एअरच्याच बाजूने, आणि तोही एकदम गुपचूप, कारण त्यात पंखाच नाही. अंधाऱ्या मंडपातले दाणेदार फोटो साफ करायला लाइटरूममध्ये 2023 पासून एआयवालं डिनॉइज आलंय, तिथे मात्र एलओक्यूच्या ग्राफिक्स कार्डने निम्म्याच्या आसपास वेळ घेतला. आणि शेकडो फाइली एकदम एक्स्पोर्टला टाकल्या की सुरुवातीला दोघं बरोबरीने पळाले, मग एअर तापला आणि चाल मंदावली. पंखा नसल्याची ती किंमत आहे, त्यात बिघाड काही नाही. पण ॲपल स्वतःच लिहून देतं की हे मशिन 10 ते 35 अंश तापमानात वापरावं. सोलापुरात मे महिन्यात बाहेर चाळिशी सहज ओलांडते, आणि ऐन मे महिन्यात लग्नं असतात. माझ्या खोलीत कूलर आहे, एसी नाही.

याच्या उलट, एलओक्यूची वायर काढली की त्याचा सगळा जोर जातो. गेमिंग लॅपटॉपांचं हे असंच असतं. बॅटरीवर ग्राफिक्स कार्डला पुरेशी वीज मिळत नाही. चार्जरही विटेएवढा. एअर बॅटरीवरही तितक्याच वेगाने चालतो आणि वजन सव्वा किलो, एलओक्यूचं जवळजवळ दुप्पट. पण मी हिंडते कुठे? माझं टेबल आणि त्यामागचा प्लग, दोघं एकमेकांना सोडून कधी गेलेले नाहीत. वळवाच्या पावसात लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे.

वेगाचा हिशेब करता करता एक गोष्ट लक्षात आली, ती या दोन्ही मशिनांच्या बाहेरची. एका लग्नाचे तीन-चार हजार फोटो येतात. माझा सर्वांत जास्त वेळ जातो तो निवडीत: बाण दाबायचा, बघायचं, ठेवायचा की टाकायचा. डोळे मिटलेले, पाणी पिताना पकडलेले, अक्षता तोंडावर आलेले काढत जायचं. ते काम कुठलीही चिप माझ्याऐवजी करत नाही. एआयची अशी साधनं आली आहेत, पण कुठल्या काकांचा डोळे मिटलेला फोटो ठेवलाच पाहिजे कारण ते नंतर गेले, हे त्या साधनांना कसं कळणार? त्यानंतरचा वेळ जातो फोनवर. ‘ताई, पार्टी म्हणतीय मामाचा फोटो मोठा घ्या.’ ‘ताई, आत्याबाईंना दुसऱ्या पानावर टाका, पहिल्यावर नको, भांडण झालंय.’ यावर आरटीएक्स 4050 चा इलाज नाही.

खरा निकाल लावला तो दोन नीरस गोष्टींनी. एक म्हणजे श्रीलिपी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं हे सॉफ्टवेअर महाराष्ट्रातल्या छपाईवाल्यांना, फ्लेक्सवाल्यांना आणि आम्हा अल्बमवाल्यांना माहीत नाही असं होत नाही. माझ्याकडे वर्षानुवर्षांची पीएसडी टेम्पलेट आहेत, त्यांत नावं, तारखा, मंगलाष्टकांची शीर्षकं श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांत आहेत. माझी प्रत विंडोजची, तिचा डोंगल विंडोजचा. मॅकवर देवनागरी उत्तम चालते, तिथे श्री देवनागरी 714 हा देखणा फाँट तर आधीपासूनच बसवलेला असतो. पण नवा मजकूर लिहिणं वेगळं आणि हजारभर जुनी टेम्पलेट उघडल्यावर ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसणं वेगळं. ते सगळं नव्याने टाइप करायचं तर एक चातुर्मास पुरायचा नाही.

दुसरी गोष्ट हार्डडिस्कची. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या असतात. मॅक त्या वाचतो, पण त्यांवर काही लिहू देत नाही. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं. मी काम झालेले अल्बम त्याच डिस्कवर टाकून परत पाठवते. म्हणजे प्रत्येक डिस्कला हा खटाटोप, आणि डिस्क दुसऱ्याची, त्यात कुणाच्यातरी लग्नाची एकुलती एक प्रत. अशा डिस्कवर मी प्रयोग करत नाही.

जागेचंही होतं. चार हजार रॉ फाइली म्हणजे शंभर जीबी कुठे गेले नाहीत. 256 मध्ये प्रोग्रॅम धरून एक लग्न मावतं, दुसरं दारात उभं राहतं. 512 चा एअर घ्यायचा तर तेव्हा 1,19,900 मोजावे लागत होते. बाहेरची एसएसडी लावता येते, अनेक जण तसंच करतात आणि नीट चालतं. पण एअरला यूएसबी-सीच्या दोनच खाचा, कार्डची खाच नाही, जुनी यूएसबी नाही. मग हब, मग रीडर, मग एसएसडी, टेबलावर वायरींचं घरटं. एलओक्यूलाही कार्डची खाच नाही, पण साध्या यूएसबी आहेत, आणि मागचं झाकण उघडून रॅम आणि दुसरी एसएसडी आपली आपण टाकता येते. एअरमध्ये जे घेतलं ते शेवटपर्यंत तेवढंच. मी एलओक्यू घेतला आणि त्याच आठवड्यात सोळा जीबी रॅम वाढवून घेतली. वर्षाच्या अखेरीला रॅमचे भाव जगभर असे चढले की आमच्या गल्लीतला रिपेअरवाला अजून मला ‘ताई, शेअर बाजारात काय घेऊ?’ म्हणून विचारतो.

एअरची किंमत आणि एलओक्यूची किंमत यांत जो फरक राहिला, त्यात मी वेगळा मॉनिटर घेतला. चोवीस इंची, आयपीएस, 99 टक्के एसआरजीबी, काच न चमकणारी. मुलगी म्हणाली, ‘आई, तू लॅपटॉप घेतलास आणि त्याचा डेस्कटॉप केलास.’ तिचं खरं आहे. लॅपटॉपच्या पडद्यावर आता व्हॉट्सॲप, फोल्डर आणि बचत गट असतो, फोटो मॉनिटरवर. रंग मोजायचं यंत्र चार फोटोग्राफरांनी मिळून घेतलेलं आहे, ते फिरत फिरत माझ्याकडे आलं की मॉनिटर लावून घेते: पांढरा 6500 केल्विनचा, गॅमा 2.2, उजेड चौरस मीटरला 120 कँडेला. पहिल्यांदा लावला की पडदा मळकट, पिवळसर वाटतो आणि कुणालाही वाटतं यंत्र बिघडलंय. दोन दिवसांत डोळे सरावतात, मग बाकीचे सगळे पडदे निळे दिसायला लागतात. टेबलामागची भिंत पिस्ता रंगाची होती, ती करडी करून घेतली. रंगाऱ्याने दोनदा विचारलं, खरंच हाच रंग का? हिरवी भिंत बघून बघून डोळा चेहऱ्यात गुलाबी शोधायला लागतो, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. नवरा म्हणतो, बाल्कनीत बसल्यासारखं वाटायचं ते आता तहसील कचेरीत बसल्यासारखं वाटतं.

एअरच्या पी3 पडद्याची मला अजूनही आठवण येते, हे कबूल. त्यावर मोरपिशी पैठणी जी दिसली ती दिसली. पण तो मोरपिशी लॅबच्या कागदावर उतरत नाही, तर मग मी त्याच्या मागे लागून काय करू? आता कुणी म्हणेल, हल्ली अल्बम उघडतं कोण, सगळे फोटो मोबाइलवरच बघतात, आणि चांगल्या मोबाइलचे पडदे पी3 चे असतात. म्हणून अल्बम लॅबला गेला की निवडक फोटोंची एक वेगळी जेपेगची थप्पी मी मोबाइलवर उघडून बघते, माझ्या आणि मुलीच्या, दोन्ही. तिच्या मोबाइलवर चेहरे जास्त तांबूस आले तर थोडं उतरवते. पूर्वी एका कागदाशी जुळवायचं असायचं, आता कागद आणि दहा मोबाइल. लॅबच्या काकांनी यावर काय म्हटलं असतं कुणास ठाऊक.

पंखे वाजतात. मोठी एक्स्पोर्ट लावली की गेमिंग लॅपटॉपचा तो घूं असा आवाज सुरू होतो आणि स्वयंपाकघरातून ‘मिक्सर कोण चालवतंय?’ अशी हाक येते. म्हणून एक्स्पोर्ट मी जेवायच्या वेळेला लावते. पंख्यांत धूळ जाते, ती सोलापुरात जास्तच जाते, वर्षाकाठी उघडून साफ करायला हवी.

बार्शीच्या फोटोग्राफरला मात्र मी एअरच घ्यायला सांगितलं. त्याचं काम वेगळं. तो कार्यालयातच बसून सकाळचे विधी निवडतो आणि संध्याकाळी रिसेप्शनला स्टेजवरच्या पडद्यावर लावतो. वऱ्हाडाच्या गाडीत, जेवणाच्या पंगतीशेजारी, जनरेटरच्या आवाजात, प्लग मिळो न मिळो. सव्वा किलोचं, तासन्‌तास बॅटरीवर चालणारं मशिन त्यालाच शोभतं. शीट तो लावत नाही, श्रीलिपीशी त्याचा संबंध नाही. तुळशीचं लग्न झालं, पहिल्या कार्यानंतर त्याचा फोन आला.

‘ताई, तुम्ही दिलेली डिस्क उघडतीय, पण आत काही टाकता येईना झालंय.’

‘एनटीएफएस आहे ती. एक्सफॅट करून घे, म्हणजे तुझ्याकडे नि माझ्याकडे दोन्हीकडे चालेल. पण फॉरमॅटच्या आधी आतलं सगळं काढून ठेव.’

‘कुठं काढून ठेवू? ह्यात जागा कुठाय? लग्नच एक बसलंय कसंबसं.’

‘मग डिस्क घेऊन इकडंच ये. माझ्यात काढू, फॉरमॅट करू, परत टाकू.’

‘चालतंय की,’ तो म्हणाला, ‘येताना ते रंगाचं यंत्र पण आणतो, तुमची पाळी आली.’